न कापलेला शब्द

आमच्या साहेबांनी कचेरीत कधी कुणाला 'अरे' म्हटलं नाही. शिपायालासुद्धा "आपण चहा घेतलात का?" एकदा संकलनाच्या टेबलावर मांजर चढलं, तर त्यालाही म्हणाले, "आपण खाली उतरता का?" आणि शपथेवर सांगतो, ते उतरलं!

सरकारी माहितीपटांचं आमचं खातं उभं केलं ते त्यांनीच. त्याआधी सरकारी कॅमेरा म्हणजे मंत्र्यांचे हारतुरे टिपायला. साहेबांनी तो उचलून खाडीवर, बागेत, भातखाचरात नेला. "भाषण पुरे, माणसं दाखवा," म्हणायचे. ते पावसचे, मी देवरूखचा, त्यांचा संकलक. एका जिल्ह्याचे म्हणून तरी कधी 'तू' म्हणतील, अशी मला भारी आशा. छे! वीस वर्षं आपलं 'आपण' आणि 'आपण'. खोटं कशाला बोलू, मनाला लागायचं.

दाभोळच्या मच्छीमारांवर आम्ही फिल्म केली. तीत जाळं ओढताना होडीचा म्हातारा तांडेल भावावर ओरडतो, "ओढ रे मेल्या, जेवला नाहीस काय?" वरच्या अधिकाऱ्यांचा शेरा आला: शिवी काढून टाकावी. मी कापायला बसलोच होतो, तर साहेबांनी माझा हात धरला. "थांबा. ही शिवी नव्हे." तिथूनच फोन लावून ते शांतपणे म्हणाले, "आमच्याकडे परक्याला कोणी मेल्या म्हणत नाही हो. तो मान घरच्यांचा." त्यापायी त्यांची बढती अडली, पण शब्द राहिला. मला अभिमान वाटला, आणि रागही आला. म्हणजे आम्ही परकेच की!

निवृत्तीनंतर ते पावसला आंब्याच्या बागेत रमले. माझ्या पत्रांना उत्तरं यायची, खाली 'आपला नम्र'. पुढे ते अंथरुणाला खिळल्याचं कळलं. गुडघ्यांचं निमित्त करत मी जाणं लांबवलं, आणि अखेर गेल्या चैत्रात गेलो. तीच शेवटची भेट. वहिनी दारातच म्हणाल्या, "आलात ते बरं झालं. पण हल्ली माणसं ओळखत नाहीत हो ते."

मी खाटेजवळ उभा राहिलो. साहेबांनी मान वळवून पाहिलं. मी हात जोडले. "साहेब, मी देवरूखचा…"

"नाव-गाव कसलं सांगतोस?" साहेब म्हणाले. "इतका उशीर करतात काय रे, मेल्या?"