‘पास, बिट्टे!’

जर्मनीत, आमच्या झिंडेलफिंगेनच्या इमारतीत कुणी विमानानं कुठं जाऊन आलं, की मी त्याला जिन्यातच गाठते. रोम कसं होतं, पॅरिस कसं होतं, ते मला नकोच असतं. ते फोटोत दिसतं. मी विचारते, "काउंटरवर काय झालं?" मग माणूस बॅग खाली ठेवतो आणि अर्धा तास जिना अडतो!

युरोपात एका देशातून दुसऱ्यात जायला सरहद्दच नाही, असं सगळे म्हणतात. नसेल! पण आपण भारतीय. विमानात चढायला आपल्याला पासपोर्ट लागतो आणि जोडीला इथं राहण्याचं कार्ड. या दोन वस्तूंपायी आमच्या घरानं आणि वरच्या मजल्यावरच्या प्रसाद-मृणालनं जे भोगलंय, ते आता एका कपात सांगून होत नाही. दुसरा चहा ठेवावाच लागतो.

*

सुरुवात आमच्यापासूनच. पहिल्यांदाच रोमला निघालो होतो. ह्यांनी दोघांची कार्डं पाकिटात घातली नि म्हणाले, "पासपोर्ट कशाला मिरवायचे? चोरीला गेले म्हणजे?"

पासपोर्ट होते बँकेच्या लॉकरमध्ये, माझ्या तोड्यांशेजारी!

काउंटरवरची बाई म्हणाली, "पास, बिट्टे." म्हणजे, पासपोर्ट द्या. ह्यांनी कार्डं पुढं केली. तिनं ती परत सरकवली. "ही पासपोर्टबरोबरच चालतात." रविवार होता. बँक बंद. आमच्या डोळ्यांदेखत पाटीवरचं रोम पुसलं गेलं.

आता घरी कुठल्या तोंडानं जायचं? मी अख्ख्या इमारतीला सांगून ठेवलेलं! गॅरेजच्या दारानं आत शिरलो आणि चार दिवस खिडक्यांच्या झडपा, इथले रोलाडेन, खाली ओढून बसलो. मोठ्यानं बोलणं नाही, कुकरची शिट्टी नाही!

पाचव्या दिवशी जिन्यात प्रसाद भेटला. "काका, कसं होतं रोम?"

हे म्हणाले, "गर्दी फार!"

*

पुढच्या वर्षी अथेन्स. या वेळी पासपोर्ट माझ्या पर्समध्ये, पर्स पोटाशी. तरी काउंटरवाली थांबली.

"तिकिटावर स्मिता आहे. पासपोर्टवर पुष्पा. स्मिता कोण?"

"मी."

"मग पुष्पा?"

"तीपण मीच."

तिनं फोन उचलला आणि साहेबाला बोलावलं. तिकीट ह्यांनी काढलेलं, सासरच्या नावानं. पासपोर्ट शाळेच्या दाखल्यावरून, म्हणून माहेरच्या नावानं. साहेब म्हणाला, "नाव कधी बदललं? कागद?" कागद कुठला? लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलं होतं! ते मी माझ्या जर्मनमध्ये सांगितलं. साहेबानं दोनदा विचारलं, "तांदळात?"

मागं रांग वाढत होती. साहेब टकटक करत तिकिटावरचं नाव बदलत होता. मध्येच मान वर करून त्यानं ह्यांना विचारलं, "आणि तुमचं नाव कुणी बदललं?"

हे म्हणाले, "माझं? माझं कशाला?"

रांगेतल्या सगळ्या बायका वळून ह्यांच्याकडे बघायला लागल्या!

*

प्रसाद-मृणालची इरा इथलीच. तिचा पासपोर्ट काढला तेव्हा तिचं नुकतंच जावळ काढलेलं. फोटोत डोकं असं गुळगुळीत, की लाडूच! त्याच पासपोर्टावर चार वर्षांची इरा माद्रिदला निघाली. दोन वेण्या, तोंडभर दात.

काउंटरवरच्या माणसानं फोटो बघितला, इराला बघितलं, परत फोटो बघितला. मग तो खाली वाकला आणि फोटो तिच्यासमोर धरला. "हे कोण आहे गं?"

एक शब्द बोलायचा होता पोरीनं. ‘मी.’

इरानं नीट बघितलं आणि म्हणाली, "काइने आनुंग!" म्हणजे, मला काय माहीत!

मग दोघांनी तिथंच उभं राहून मोबाइलमधले चार वर्षांचे फोटो त्याला दाखवले. बारशापासून! तो माणूस शेवटी म्हणाला, "गेनाऊ, गेनाऊ, बरोबर आहे, पुरे. जा. पण पुढच्या वेळी मुलीला आधी फोटो दाखवून आणा."

*

प्रसादचा स्वतःचा प्रकार वेगळाच. त्या स्वस्तातल्या विमानाला आपल्या पासपोर्टवाल्यांनी आधी काउंटरवर कागद दाखवून शिक्का घ्यायचा असतो. तिकिटावर बारीक अक्षरात छापलेलं. मोटारींच्या कारखान्यातला एवढा इंजिनिअर, वाचतोय कशाला! थेट गेटवर. तिथली पोरगी म्हणाली, "शिक्का?" गेट बंद व्हायला बारा मिनिटं. हा उलटा धावला, शिक्का घेतला, परत तपासणीत शिरला, बूट घालायला वेळ नाही म्हणून ते हातात घेऊन धावला. चढला शेवटचा. अख्ख्या विमानानं टाळ्या वाजवल्या.

त्या दिवसापासून तो फाइल बाळगतो. पासपोर्ट, कार्ड, घरनोंदणी, लग्नाचा दाखला. परवा खाली बेकरीत पाव घ्यायला आला, तर काखेत फाइल! मी म्हटलं, "अरे, पावाला शिक्का लागतो का?"

"काकू, सांगता येत नाही!"

*

आता गेल्या दसऱ्याचं. प्रसाद कामासाठी ब्राउनश्वाइगला. घरी मृणाल, इरा आणि प्रसादच्या आई, म्हणजे माई. माई दसऱ्याला घरातली सगळी हत्यारं पूजेत मांडतात. लॅपटॉप, पकड, सुऱ्या. पासपोर्टसुद्धा, तेही फोटोचं पान उघडून. "देवाला कळायला नको, कुणाला सांभाळायचं ते?" आणि एकदा पूजा झाली, की दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत काही हलवायचं नाही. आदल्या वर्षी प्रसादनं मीटिंगसाठी लॅपटॉप उचलला, तर दोन दिवस माई त्याच्याशी बोलल्या नव्हत्या!

दुपारी सव्वाबाराला मृणालच्या रडण्याचा आवाज खाली आला. मी वर धावले. तिचा धाकटा भाऊ व्हिएन्नात शिकतो. सायकलवरून जाताना ट्रामनं उडवलेलं. पाचला डोक्याचं ऑपरेशन, जवळ कुणी नाही. पावणेदोनच्या विमानात एक जागा मिळाली होती.

बॅग खांद्याला, आणि मृणाल देवासमोर उभी. पासपोर्ट समोर, फुलांत. हात पुढं जाईना. "माई..." एवढंच म्हणाली.

माई उठल्या. मला वाटलं, झालं! माईंनी चार अक्षता घेतल्या, पासपोर्टवर टाकल्या आणि म्हणाल्या, "देवा, उठा. विमान आहे." मग पासपोर्ट आणि कार्ड तिच्या हातात दिलं. "पुनरागमनाय च. पळ!"

ह्यांनी गाडी काढली. मी बरोबर गेले. संध्याकाळी मृणालचा मेसेज आला, ‘पोचले. आत नेण्याआधी त्यानं हात धरला.’ आता तो कुबडी घेऊन चालतो, विनोद करतो. पण मी सांगत होते ते काउंटरचं.

काउंटर बंद व्हायला सहा मिनिटं. बाईनं पासपोर्ट उघडला आणि मागं सरकली. "हे रक्त आहे का?"

फोटोतल्या मृणालच्या कपाळावर माईंनी कुंकू लावलेलं! चांगलं ठसठशीत, खाली ओघळ नावावर. पान यंत्रात घातलं. लाल दिवा. परत घातलं. लाल. मीच म्हटलं, "रक्त नाही. सासूनं आशीर्वाद दिलाय. हिचा भाऊ ऑपरेशनला चाललाय."

बाईनं चष्मा पुसायचं फडकं काढलं, त्यावर ‘हाऽ’ करून वाफ सोडली आणि हलक्या हातानं कपाळ पुसलं, नाव पुसलं. घातलं यंत्रात.

हिरवा!

शिक्का मारायला तिनं पान उलटलं, तर आतून झाडाचं एक पिवळं पान खाली पडलं. इथं आपटा कुठला मिळणार? माई अंगणातल्या लिंडेनच्या झाडाची पानं सोनं म्हणून देतात. बाईनं ते उचलून पुढं धरलं. "हे तुमचं?"

मृणाल पळता पळता म्हणाली, "तुम्हीच ठेवा. सोनं आहे!"

मी मागं थांबले, माझी पिशवी उचलायला. बाईच्या गळ्यात तिचं ओळखपत्र होतं, फोटोचं. तिनं त्याचं प्लॅस्टिक उघडलं, पान आत सरकवलं, आणि पुढच्या माणसाला म्हणाली, "पास, बिट्टे."