गावंडे मॅडमचा एक तास

परिषद मातीच्या आरोग्यावर होती आणि माझ्या मोबाइलची प्रकृती अखेरच्या टप्प्यात होती. सूत्रसंचालनाची टिपणं, पाहुण्यांच्या पदव्या, मधेमधे पेरायच्या ओळी, सगळं त्या मोबाइलमध्ये. व्यासपीठाच्या कडेला एक बोर्ड दिसला. त्यात कोणाचा तरी प्लग होता. मी तो काढला, माझा चार्जर लावला आणि निश्चिंत झालो. तो प्लग इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचा होता, आणि त्याच्या सुरावर त्या क्षणी स्वागतगीत चाललेलं होतं.

तानपुरा गप्प झाला. गाणाऱ्या बाई गप्प झाल्या नाहीत. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मागच्या चार घाबरलेल्या मुलींना नजरेनंच धरून ठेवलं आणि गीत तडीला नेलं. टाळ्या थांबल्यावर त्याच माइकवरून म्हणाल्या, "सर, मोबाइल भरला असन त सांगा. पुढच्या पाहुण्याले मले सूर लागते."

सभागृह हसलं. मीही हसलो. चहाच्या वेळी माफी मागायला गेलो, तर कपात बिस्किट बुडवत म्हणाल्या, "जाऊ द्या न. त्या हॉलमंधी समजलं कोनाले? एकाच्या तरी थोबाडावर काही हाललं काय?"

मी आठवून पाहिलं. हललं नव्हतं. पहिल्या रांगेतले मान्यवर तानपुऱ्यासह आणि तानपुऱ्याविना सारख्याच चेहऱ्यानं बसले होते.

या मनकर्णा गावंडे. मी अमरावतीच्या ज्या विद्यापीठात मराठी शिकवतो, तिथल्याच संगीत विभागाच्या प्रमुख. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, कारण मला अजून तिथून निवृत्त व्हायचं आहे. प्रमुख कोणाच्या, हा प्रश्न मी त्यांना एकदा विचारला होता. सतारीचे सर निवृत्त झाले, त्यांची जागा भरली गेली नाही. सतारीच्या खोलीत तपासणी समितीला दाखवायच्या फायली राहायला आल्या. हार्मोनियमवाले गेले, ती जागा तर कागदावरूनही गेली. उरले तबल्याचे संघपाल तायडे, तेही तासिका तत्त्वावर, म्हणजे दरवर्षी उन्हाळ्यात बेकार आणि पावसाळ्यात पुन्हा नवे. "मी विभागप्रमुख," मॅडम म्हणाल्या, "आन् संघपाल विभाग."

या दोघांचं मुख्य काम संगीत शिकवणं आहे, असा विद्यापीठात कोणाचाच समज नव्हता. त्यांचं मुख्य काम स्वागतगीत. रसायनशास्त्राची परिषद असो, बोंडअळीवरची कार्यशाळा असो की नव्या पार्किंगचं उद्घाटन, आदल्या दिवशी शिपाई चिठ्ठी घेऊन विभागात जाई : उद्या साडेदहा, चार मुली, काठाच्या साड्या. चाल एकच, भूप रागातली. पाहुण्यांचं नाव बदलायचं. एकदा दक्षिणेकडचे कुणी मोठे शास्त्रज्ञ आले. त्यांचं नाव कहरव्यात मावेना. संघपालनं दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा तबल्यावर हात ठेवून म्हणाला, "मॅडम, हे साहेब आठ मात्रांत बसत नाहीत. अर्धे भायेर राहून राहिले." मॅडमनी सगळं गीतच सहा मात्रांच्या दादऱ्यात बसवलं आणि नावाला दोन आवर्तनं दिली. ते साहेब भाषणात म्हणाले की इथल्या मुलींनी आपल्या कवायतीच्या गीतानं त्यांना बालपणाची आठवण करून दिली.

शिकवणं चाले ते उरलेल्या वेळात, आणि कार्यालयीन वेळेत. त्यामुळे मध्यरात्रीचा मालकंस सकाळी अकराला, हजेरी झाल्यावर. शेजारच्या संख्याशास्त्र विभागातून निरोप येई, जरा हळू. मॅडम दार लावून घेत आणि मुलींना सांगत, "डोये मिटा. रात झाली समजा. आन् झोपू नोका."

पण त्या विभागाची खरी निर्मिती म्हणजे 'पाकीट'. हा शब्द मुलींचा. वार्षिक प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरचे परीक्षक येत. त्यांना संध्याकाळी बडनेऱ्याहून गाडी असे आणि वर्गभर मुली रांगेत बसलेल्या असत. प्रत्येकीच्या वाट्याला पाच-सात मिनिटं, फार तर आठ. मग मॅडमनी प्रत्येक राग त्या मापात बसवून दिला. एवढी आलापी, मग स्थायी, मग अंतरा, चढत्या क्रमानं ताना, तिहाई, नमस्कार, उठा. इतकं बेतशीर की परीक्षक घड्याळाकडे पाहायला मान वळवायचे आणि त्याच वेळी समेवर मुलगी नमस्कार करायची. त्यांच्या मुली भराभरा पास झाल्या. आज दर्यापूरपासून अचलपूरपर्यंतच्या शाळांमधून ज्या संगीतशिक्षिका आहेत, त्यांतल्या निम्म्या तरी मॅडमच्या. त्याही तेच पाकीट पुढे वाटतात.

मला हे सगळं मजेचं वाटायचं. मी त्यावर एक विनोदी लेखही लिहिला होता आणि मॅडमनी तो विभागाच्या फळ्यावर लावला होता.

मजा थोडी कमी झाली ती मूर्तिजापूरच्या स्टँडजवळ. अकोल्याला एका परिषदेत स्वागतगीत म्हणून विद्यापीठाच्या जीपनं परत येत होतो. हार्मोनियम माझ्या मांडीवर, तबले संघपालच्या. चहाला उतरलो, मॅडम गाडीतच झोपल्या होत्या. संघपाल म्हणाला, "सर, तुमी मॅडमले ऐकलं काय?"

"दर आठवड्याला ऐकतो."

"ते नाही. गाताना."

मग त्यानं सांगितलं. मॅडम अकोल्याच्या जुन्या शहरातल्या. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब पाहायचे. अचलपूरचे कमलाकांतबुवा एस.टी.नं येऊन त्यांना शिकवायचे, आणि बुवांकडे घाई हा प्रकार नव्हता. गंधारावर बसवलं तर आठवडा गंधारावरच. एका गणपतीत ठरलेला गवई आला नाही म्हणून मंडळानं या पोरीला बसवलं. संघपाल तेव्हा नुकता तबला वाजवायला लागलेला, साथीला तोच. "बिहाग गायल्या. मले वाटलं अर्धा घंटा झाला असन. उठलो त पाय मुंग्यांनी मेलेले. सव्वा घंटा झाला होता, सर. आन् एकही जागा, एकही तान दुसऱ्यांदा नाही आली." त्याच्या पुढच्याच वर्षी मॅडमना विद्यापीठात नोकरी लागली. जुन्या शहरात पेढे वाटले.

"मग पुन्हा कुठे गायल्या?" मी विचारलं.

संघपालनं ग्लास विसळून ठेवला. "नोकरी लागली न," तो म्हणाला.

त्यांच्या निवृत्तीचं वर्ष उजाडलं. त्यांच्या जागी कोण, हा प्रश्न कोणी विचारला नाही. जागा रिकामी होणार आणि रिकामीच राहणार, हे शिपायालाही माहीत होतं. विद्यापीठाची निरोपाची पद्धत अशी की त्या महिन्यात निवृत्त होणाऱ्या सगळ्यांना एकत्र बसवायचं, प्रत्येकी एक शाल, एक नारळ, तीन मिनिटांचं मनोगत. मॅडमच्या महिन्यात दोन लिपिक, एक वाहनचालक आणि वनस्पतिशास्त्राचे प्रमुख होते. कुलसचिवांनी आधीच सुचवून ठेवलं होतं, की गावंडे मॅडम आहेतच, तर स्वागतगीत त्यांनीच म्हणावं. स्वतःच्या निरोपाला स्वतःच स्वागतगीत.

रागिणी बोचे तेव्हा विभागात आली होती. मॅडमची जुनी विद्यार्थिनी, आता अकोल्याच्या एका महाविद्यालयात तासिकांवर शिकवते. ती माझ्यासमोरच म्हणाली, "मॅडम, तुमचं मोठं गानं आमी कोनीच ऐकलं नाही. एक डाव तरी ऐकवा न. आता तुमी जाऊन राहिल्या."

मॅडम पेटीची धूळ पुसत होत्या. पुसतच राहिल्या. "कायचं मोठं गानं," म्हणाल्या, "पोट्टे कशाचंही मोठं करतेत."

पण त्यांचा चेहरा मी पाहिला, आणि माझ्यातला कार्यकर्ता जागा झाला. हा माणूस माझ्यात क्वचित जागा होतो आणि झाला की कोणाचं भलं करत नाही. मी कुलसचिवांकडे गेलो. एक तास सभागृह हवं, म्हणालो. ते म्हणाले, अध्यक्ष कोण? अध्यक्ष नाही. प्रमुख पाहुणे? नाहीत. दीपप्रज्वलन? नाही. स्वागतगीत? अजिबात नाही. त्यांनी चष्मा काढला. "मग कार्यक्रम काय आहे?" "गाणं," मी म्हणालो. हे त्यांना पटवायला मला तीन खेपा लागल्या. शेवटी दुपारी चारची वेळ मिळाली. रात्रीचा बिहाग गेला, दिवस कलतानाचा मुलतानी ठरला.

मॅडमनी मला दोनदा अडवलं, हे नोंदवून ठेवतो. पहिल्यांदा जिन्यात : "सर, राहू द्या. एखादं भजन म्हनतो न मी." मी म्हणालो, विनय पुरे. दुसऱ्यांदा फोनवर, आणि या वेळी आवाजात चेष्टा नव्हती : "मले नोका फसवू, सर. घरी बसून पायलं मी." मी विचारलं, काय पाहिलं? त्या म्हणाल्या, "काही नाही. पोट्ट्या कोन कोन येऊन राहिल्या?" मी नावं सांगत गेलो. सगळ्याच येणार होत्या.

आणि आल्या. रजा टाकून, एस.टी.नं, कडेवर मुलं घेऊन. पुढच्या रांगा त्यांनीच भरल्या. खरे तानपुरे रागिणीनं अकोल्याहून आणले होते. एक तिनं घेतला, दुसरा दर्यापूरच्या एकीनं. संघपाल कोरा सदरा घालून, तबल्याखालच्या चुंबळी नीट करून असा बसला, की आता याला रात्रीपर्यंत कोणी उठवू नये. मी सूत्रसंचालक; एकच वाक्य बोललो आणि खाली उतरलो. आयुष्यातलं माझं सर्वांत चांगलं सूत्रसंचालन.

मॅडमनी षड्ज लावला. इतकी वर्षं मी त्यांना ऐकत होतो आणि हा आवाज मला माहीत नव्हता. मोठा, खाली खोल, मागे एक करडी कड. तो कोमल गंधार आला तेव्हा माझ्या शेजारच्या ग्रंथपालानं हातातला फोन उलटा ठेवला. संघपालनं ठेका धरला, स्थायी भरली, आणि मी मागे टेकून बसलो. आपण किती मोठं काम केलं, असं मला वाटत होतं.

पहिल्यांदा मला दिसलं ते पुढच्या रांगेत. मुलींचे ओठ हलत होते. मॅडमच्या पुढे अर्धी मात्रा. आता वरचा पंचम, मग उतरणी, मग मुखडा. त्यांना सगळं येत होतं, कारण ते त्यांच्याच परीक्षेचं होतं. सगळ्या प्रेमानं हसत होत्या. आपल्याला दिलेलं मॅडम गातायत याचा त्यांना आनंद झाला होता. अंतरा आला. ताना आल्या, चढत्या क्रमानं. तिहाई आली, मॅडमचे हात नमस्कारासाठी वर उचलले गेले, आणि मधेच थांबले.

आठ मिनिटंही झाली नव्हती.

संघपालनं ठेका सोडला नाही. मॅडमकडे पाहत, मान हलवत, तो आवर्तनामागून आवर्तन देत राहिला, जसं कोणी दार उघडून धरून उभं राहावं. मॅडमनी डोळे मिटले. पुन्हा स्थायीवर आल्या. गंधारावर थांबल्या, खूप वेळ थांबल्या; मला वाटलं आता निघाल्या. मग तोच आलाप आला. त्यानंतर तोच पुढचा. पुढच्या रांगेतले ओठ पुन्हा हलायला लागले, आता जरा गोंधळून. रागिणी तानपुरा छेडत होती आणि मान वर करत नव्हती. त्याच ताना, त्याच क्रमानं. दुसऱ्यांदा तिहाई आली तेव्हा मॅडमनी नमस्कार पुरा केला आणि उठल्या.

टाळ्या खूप पडल्या. लोकांना वाटलं, हा पहिला भाग. मग कोणीतरी शाल पुढे केली, मुली व्यासपीठावर धावल्या, फोटो सुरू झाले. मॅडम मधे उभ्या राहून सगळ्यांच्या खांद्यांवर हात ठेवत होत्या, पोरांची नावं विचारत होत्या. कुलसचिव मला म्हणाले, "छान आटोपशीर झालं. उगाच मी घाबरलो होतो."

गर्दी ओसरल्यावर मी विभागात गेलो. संघपाल तबल्यांवर खोळ चढवत होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. मॅडम खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या, शाल मांडीवर, पायांत अजून चपला नव्हत्या. मला काहीतरी हलकं बोलायचं होतं. तीस वर्षं मी याच कामावर पोट भरलं आहे. पण तोंडातून निघालं ते असं, "मॅडम, अजून पाऊण तास होता आपल्याकडे. थांबलात का?"

"पुढचं येत नाही मले."