पत्र्यावरचे दगड

“पत्र्यावर जाळी बसवता येईल का साहेब? रोज दगडं पडायलेत,” चर्चचे पाळक दानियल मला विचारत होते. तेवढ्यात डोक्यावर धाडकन आवाज झाला. संध्याकाळच्या प्रार्थनेला बसलेल्या बायकांनी पोरं पोटाशी धरली. पुरुष बाहेर धावले आणि शेजारच्या शेतातून बालाजी नावाच्या पोराला कॉलर धरून ओढत घेऊन आले.

पिंगळीजवळच्या गावातलं हे चर्च माझं डिझाइन. नामांतराची वर्षं होती. विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा धुमसत होता आणि ही मंडळी गावाबाहेरच्या वस्तीतली. पेटणार नाही असं बांधा, एवढीच त्यांची अट. म्हणून खांब, छपराला आधार देणाऱ्या कैच्या, छप्पर, सगळं लोखंडाचं केलं. हिवाळ्यात चर्च उभं राहिलं. चैत्र लागला आणि आवाज सुरू झाले.

“याच टायमाला दगड पडायलेत, अन् याच टायमाला ह्यो शेतात असतोय,” कॉलर धरणारा म्हणाला.

“म्या मोटर चालू करायला येतो,” बालाजी रडवेला झाला होता. “दगडाला हात लावला न्हाई.”

त्याचे वडील किसनराव गावातली भावकी घेऊन आले. हातात काठ्या. “लेकराला सोडा आदी. मंग बोलू.”

कुणी सोडेना. एक काठी उचलली गेली असती तर पुढं काय झालं असतं, त्याचा विचार आजही नको वाटतो. भांडण सोडवणं माझ्या बापजन्मी जमलेलं नाही. मला छप्पर कळतं, म्हणून मी छपराचंच बोललो.

“पडलेला दगड दाखवा.”

शोधाशोध झाली. एकही सापडेना.

“उतरत्या पत्र्यावर दगड पडला की गडगडत खाली येतो. गडगड कुणी ऐकली?”

ती कुणीच ऐकली नव्हती. मी शिडी मागितली.

पत्रा ज्यांच्यावर बसतो त्या लांब लोखंडी पट्ट्यांना आम्ही पर्लिन म्हणतो. लोखंड उन्हात वाढतं, गार झालं की आखडतं. त्याला सरकता यावं म्हणून जोडाला बोल्टापेक्षा लांबट भोक ठेवतात. माझ्या ड्रॉइंगमध्ये तशी भोकं होती. वर जाऊन बघतो तर सगळी वेल्डिंगनं बुजवलेली. सरकायला जागाच नाही. ऊन उतरलं की लोखंड ताण धरून बसायचं आणि एकदम झटका देऊन सुटायचं. माझं डोकं फिरलं.

“भोकं कुणी बुजवली?” मी वरूनच ओरडलो.

पाळकांनी मान खाली घातली. “मीच मिस्त्रीला सांगितलं. दिवस असे. वाटलं, जितकं घट्ट तितकं बरं.”

आता हे सगळं काठ्या घेतलेल्या माणसांना समजावणार कसं? लेक्चर ऐकायला कुणी आलं नव्हतं. पत्र्याला हात लावला तर अजून चटका बसत होता. मी खाली उतरलो.

“किसनराव, तुमची मोटर चालू करा. पाइप इकडं घ्या. पाइप बालाजीच धरील. बाकीच्यांनी त्याच्या हाताकडं बघायचं.”

“पाणी कशाला?” किसनरावांनी विचारलं.

“दगड पाडायला.”

नशिबानं लाईट होती. कॉलर धरणाऱ्यानं हात काढला. बालाजीनं पाइप वर धरला. पाणी पत्र्यावरून वाहून पागोळ्यांनी खाली पडायला लागलं. आवाज काही येईना. आता वाजलं नाही तर पोराबरोबर माझीही धडगत नाही, असं मनात येऊन गेलं.

मग धाडकन वाजलं. लगेच पुन्हा एकदा. बालाजीचे दोन्ही हात पाइपावर होते.

“तापलेलं लोखंड गार पडलं की असं वाजतं,” मी म्हणालो. किसनराव म्हणाले, “मंग आता पोराला सोडवायला रोज पाणी मारावं लागंल की काय?”

मागं कुणीतरी हसलं. काठ्या खाली आल्या.

मिस्त्रीनं येऊन वेल्डिंग कापलं, भोकं मोकळी केली. आवाज थांबले. जाळी बसवलीच नाही. बालाजीची माफी मागितलेली मी तरी ऐकली नाही. पाळकांच्या बायकोनं त्याचा फाटलेला सदरा मागून नेला आणि कॉलर शिवून परत दिला, एवढं नंतर कळलं.

तेव्हापासून ड्रॉइंगवर अशा प्रत्येक भोकाशेजारी मी ठळक लिहितो: मुद्दाम ठेवले आहे, मजबुतीसाठी बुजवू नये. तरी लोक बुजवतात. म्हणून आजही कुणी पत्र्यावर दगड पडल्याचं सांगितलं, की मारणाऱ्याचं नाव ऐकायच्या आधी मी शिडी मागतो.