रुखवतातला घाट

माझ्या मुलीच्या रुखवतात एक अख्खा घाट होता. इतरांच्या मुलींच्या रुखवतात सुपारीचे भटजी असतात, खोबऱ्याच्या वाटीतलं तुळशीवृंदावन असतं, फार तर बडीशेपेची सप्तपदी असते. आमच्या प्राजूच्या रुखवतात खोपोली ते खंडाळा होतं.

यात दोष माझा नाही, हायवेचा आहे. (असं मी म्हणतो. बाकीचे काय म्हणतात ते पुढे येईलच.) खालापुरात जुन्या मुंबई-पुणे हायवेला लागून आमचं दुकान आहे. वडिलांच्या काळी तिथे चहाचं हॉटेल होतं. घाट चढायच्या आधी गाड्या थांबायच्या, रेडिएटरमध्ये पाणी आणि ड्रायव्हरमध्ये चहा ओतून पुढे जायच्या. मग एक्सप्रेसवे झाला आणि गाड्या आमच्याकडे ढुंकूनही न बघता भुर्रकन जायला लागल्या. चहा प्यायला कुणी फिरकेना, तेव्हा मी डोकं लढवलं. रस्ता गेला तर गेला, रस्त्याच्या आठवणी विकू!

मैलाच्या दगडाच्या आकाराच्या किल्लीच्या साखळ्या करून घेतल्या. वर पिवळं, खाली पांढरं, मध्ये 'खालापूर'. 'मी घाट चढलो' असं छापलेले मग आणले. घाटाच्या वळणांचं चित्र असलेले टी-शर्ट आणले. (सुटलेल्या पोटाच्या माणसाने घातला की घाट फारच अवघड दिसतो.) माल झकास होता. फक्त खपत नव्हता. माझ्या दुकानात येणारी माणसं एकच गोष्ट मागायची, ती म्हणजे पत्ता. "काका, एक्सप्रेसवेला कुठून जायचं?" मी हात करून दाखवायचो आणि गिऱ्हाईक निघून जायचं.

अशात प्राजूला कामशेतचं स्थळ सांगून आलं. मुलगा काय करतो हे माझ्या बायकोने, सुमनने, खोदून खोदून विचारलं. मी मात्र मुलाचे वडील, दत्तोबा, काय करायचे एवढं ऐकूनच होकार देऊन टाकला. दत्तोबांनी उभी हयात याच घाटात ट्रक चालवला होता! असा व्याही मिळायला पूर्वजन्मीचं पुण्य लागतं. मला आता एकच हवं होतं. लेक सुखाने मार्गी लागावी आणि निघताना दत्तोबांनी चारचौघांत म्हणावं, "माणसं मानाची हायेत."

"अवो, रुखवत हे बायकांचं काम हाय," सुमनने पहिल्याच दिवशी बजावलं. "तुमी त्यात नाक खुपसू नका."

"मला फक्त एक कोपरा दे."

"केवढा?"

"दाराएवढा."

"दाराएवढा कोपरा?"

"माळ्यावर जुनं दार पडलंय ना, त्याच्यावर मावेल एवढाच."

तर त्या दारावर मी घाट उभा केला. डोंगर बेसनाच्या लाडवांचे, पाकात बसवलेले. रस्ता काळ्या तिळाच्या चिक्कीचा, कठडे चकल्यांचे, आणि धबधबा शेवयांचा. दुकानातला पडून राहिलेला मालही सत्कारणी लावला. दर चार बोटांवर एक मैलाचा दगड. एवढे दगड खऱ्या रस्त्यावर असते तर गाडीला जागाच उरली नसती. कोपऱ्यात शोभेला एक मग ठेवला.

"लाडू मोजून द्यायचे असतात, वसंतराव डोंगर करून देतात," असं शेजारीपाजारी म्हणायला लागले. मला ती स्तुती वाटली.

लग्नाच्या आदल्या दिवशी शेलूहून माझी थोरली बहीण, ताराआक्का, आली. पदर खोचून ती घाटाभोवती एक चक्कर मारून आली आणि म्हणाली, "समदं बेस हाय. पण शिंग्रोबा कुठं हाय रं?"

शिंग्रोबा म्हणजे आमच्या घाटाचा राखणदार. इंग्रज साहेबाला घाटाची वाट दाखवणारा धनगर, असं आमच्याकडची जुनी माणसं सांगतात. खोपोली सोडून वर चढलं की त्याचं देऊळ लागतं आणि गाडीवाला कुठल्याही धर्माचा असो, तिथे नाणं टाकल्याशिवाय पुढे जात नाही. आणि ड्रायव्हर व्याह्यासाठी केलेल्या घाटात मी त्यालाच विसरलो होतो! ताबडतोब पेढ्यांच्या खोक्याचं देऊळ केलं, पाकाने डोंगराला चिकटवलं, आत अंगणातला एक गोटा पाकातच बसवला. खरं दिसावं म्हणून गोट्याला शेंदूर लावला. आणखी खरं दिसावं म्हणून पुढ्यात एक रुपया ठेवला.

तो रुपया ठेवला नसता तर पुढचं काहीच झालं नसतं.

लग्न कर्जतच्या एका हॉलमध्ये होतं. वऱ्हाड आलं. वऱ्हाडात दत्तोबांचे जुने ड्रायव्हर दोस्त भरलेले. मी मोठ्या ऐटीत व्याह्यांना हाताला धरून रुखवताकडे नेलं. दत्तोबांनी घाट पाहिला, वळणावळणावर बोट फिरवलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

"पाव्हणं! हितं माझ्या ट्रकचा पाटा तुटला हुता! आन हितं आमी रातभर अडकून पडलो हुतो!"

मी धन्य झालो. एवढ्यात त्यांचं बोट देवळापाशी पोचलं. तिथे रुपया दिसला. दत्तोबांचा हात आपसूक खिशात गेला. नाणं काढलं, कपाळाला लावलं, पेढ्यांच्या खोक्यापुढे टाकलं. मागे उभ्या असलेल्या ड्रायव्हरांनी ते पाहिलं आणि सगळ्यांचे हात खिशात गेले. मागून बायका आल्या. नाणी पडलेली पाहून त्यांनी हळदकुंकू वाहिलं. कुणीतरी उदबत्ती आणली. ती लावायला जागा हवी म्हणून खंडाळ्याचा लाडू पुढे सरकवण्यात आला.

"आता नारळ पायजे," एक म्हातारा ड्रायव्हर म्हणाला.

"नको, नको!" मी ओरडलो. पण मंगलाष्टकांच्या माइकची चाचणी चालू होती. माझा आवाज कुणाला ऐकू गेला नाही. नारळ दाराच्या कडेवर आपटला. दार हादरलं, पाणी उसळलं आणि खोपोलीकडचा लाडवांचा डोंगर गडगडत रस्त्यावर आला.

"दरड!" दत्तोबा गरजले. "रस्ता बंद! मागच्यांनी मागं ऱ्हावा!"

आणि काय सांगू, मागची माणसं खरोखर मागे थांबली! रुखवतापुढे रांग लागली ती पार जेवणाच्या हॉलपर्यंत गेली. आधी दर्शन, मग जेवण, असा नियम कोणी केला देव जाणे. अक्षता टाकायच्या वेळी मांडवात आम्ही घरची माणसं आणि भटजी एवढेच होतो.

तरी लग्न लागलं. जेवणं झाली. पाठवणीची वेळ आली आणि वराकडच्यांनी रुखवत उचलायला घेतलं. त्याबरोबर ताराआक्का वाट अडवून उभी राहिली.

"पोरगी दिली. लाडू दिलं. देव नाय देणार."

"आवो आक्का," दत्तोबा हात जोडून म्हणाले, "सुनंबरूबर शिंग्रोबा घरी येतोय. आमा गाडीवाल्यांच्या जन्माचं सोनं झालं!"

"देऊळ खोपोलीच्या अंगाला हाय. देव आमचा हाय."

"घाट उतरताना आमच्याकडनं सुरू व्हतो!"

"चढताना आमच्याकडनं होतो!"

दोन्हीकडची माणसं गोळा झाली. इकडे सुमन पदर डोळ्यांपाशी नेऊन केव्हाची तयार उभी. ती माझ्या कानाशी आली. "अवो, मी रडू का थांबू?"

"थांब जरा."

"किती वेळ थांबू? सनई दोनदा वाजून संपली!"

हॉलच्या दारात संध्याकाळच्या रिसेप्शनवाले त्यांची फुलं घेऊन उभे राहिले होते. मॅनेजर घड्याळाकडे बघून घसा खाकरत होता. माझ्या लेकीची पाठवणी माझ्याच घाटात अडकली होती! आता घरचा कर्ता म्हणून मध्ये पडणं मला भाग होतं. मी खुर्चीवर चढलो आणि म्हणालो, "मंडळी, शांत व्हा! अहो, हा काही देव नाही. हा पेढ्यांचा खोका आहे!"

हॉल शांत झाला. फार शांत झाला. इतका वेळ भांडणारे दोन्ही पक्ष एक झाले आणि माझ्याकडे वळले.

"काय म्हनलास रं वसंता?" आक्का.

"खोका?" दत्तोबांचा चेहरा पडला. "पाव्हणं, नारळ फोडलाय आमी. आन तुमी खोका म्हंता?"

मी खुर्चीवरून उतरलो. व्याह्यांकडून दोन मानाचे शब्द ऐकायला निघालो होतो आणि ऐकायला मिळाले ते हे.

भटजींना विचारलं. त्यांना पुढे नेरळला मुहूर्त गाठायचा होता. "खोका तर खोका, पण पूजा झाली आहे," ते पिशवी आवरत म्हणाले. "उत्तरपूजा करा आणि विसर्जन करा."

"इसर्जन?" सगळे ड्रायव्हर एकदम किंचाळले. "घाटाच्या राखणदाराला पाण्यात? आमाला आत्ता गाड्या घिऊन वर जायाचं हाय!"

शेवटी शालू सावरत नवरीच पुढे आली. "बाबा, देव तुम्ही बसवलात ना?"

"हो गं, पण..."

"मग तुम्हीच चला. जाताना देऊळ वाटेत लागतंच. देवाला त्याच्या जागेवर पोचवू आणि लाडू आम्ही घरी नेऊ. चालेल ना, आत्या? चालेल ना, मामंजी?"

'मामंजी' ऐकून दत्तोबा विरघळले. आक्कानेही मान डोलावली, पण अट घातली. "ज्यानं बसवला त्यानंच धरायचा. हातातनं सोडायचा नाय."

देऊळ सुटं करून मांडीवर घ्यावं म्हटलं, तर ते निघेना! माझा पाक असा कडक बसला होता की गोटा देवळाला, देऊळ डोंगराला, डोंगर रस्त्याला आणि रस्ता दाराला धरून होता. मग अख्खं दारच सलीमभाईंच्या टेंपोत चढवलं. सलीमभाई आमच्या दुकानाशेजारचे. "वसंतराव, तुम्ही तुमचा घाट सांभाळा," ते म्हणाले, "मी माझा सांभाळतो." मागे दाराला मिठी मारून मी बसलो. व्याह्यांना मानाने पुढे बसवत होतो, पण देव मागे असताना ते पुढे बसेनात. ते माझ्याशेजारी येऊन बसले. पुढे सलीमभाईंजवळ सुमन आणि आक्का, मागच्या गाडीत नवरा-नवरी, त्यांच्यामागे अख्खं वऱ्हाड.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. मला गाडी लागते. तशी लहानपणापासूनच लागते. या घाटाच्या आठवणींवर माझा संसार चालतो, पण घाट मी वर्षानुवर्षं चढलेलो नाही. पुण्याला जायचं झालं तर मी कर्जतहून आगगाडीने जातो.

पहिल्या वळणाला मी देवाचं नाव घेतलं. दुसऱ्या वळणाला घेता आलं नाही. दत्तोबांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. जन्म गाडीवर गेलेला माणूस, त्यांना एका नजरेत कळलं. त्यांनी झटकन हात लांब करून रुखवतातला मग उचलला आणि माझ्यापुढे धरला. 'मी घाट चढलो' वाचलं आणि तिसरं वळण आलं. दुकान काढल्यापासून माझ्या एखाद्या वस्तूचा खरा उपयोग झाला तो त्या दिवशी. (आठवण म्हणून मग उत्तम आहे. मापाला मात्र लहान आहे.)

टेंपो थांबला, देवळापाशीच थांबला. मी उतरून कडेला वाकलो. पाठीमागे दत्तोबा लिंबू शोधत होते आणि पोट धरून हसत होते.

"पाव्हणं, रस्त्याच्या आठवणी इकता, आन रस्ता पोटात ऱ्हात न्हाय व्हय?"

तेवढ्यात पाठीवर एक हात आला. हिरव्या चुड्याचा. प्राजू गाडीतून उतरून धावत आली होती. लहानपणी ताप आला की मी तिच्या पाठीवरून हात फिरवायचो, तसा तिने माझ्या फिरवला आणि म्हणाली, "बाबा, हळू. आहे मी." त्यानंतर मला काही आवरलं नाही. ही पोर आता रोज घरात दिसणार नाही, हे मला तिथे, त्या कठड्याला धरून उभा असताना कळलं. मी ढसाढसा रडलो. सुमनने दुपारपासून राखून ठेवलेलं रडणंही सुटलं. आक्का रडली, सलीमभाईंनी डोळे पुसले, ड्रायव्हरांनी नाकं शिंकरली.

वळणांच्या हादऱ्यांनी शेंदूर लावलेला गोटा तेवढा पाकातून सुटला होता. तो दत्तोबांनी आणि मी मिळून देवळाच्या पायरीशी ठेवला. मग त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

"आजवर लई मानाची माणसं बघितली. मांडवातनं लेक वाटं लावत्यात. पर घाटापतूर पोचवायला आल्याला बाप आजच बघितला!"

लाडवांचं दार घेऊन वऱ्हाड वर गेलं. आम्ही खाली आलो. (मी चालत.) या गोष्टीला आता बरेच दिवस झाले, पण कामशेतची माणसं अजून सांगतात, की बाप असावा तर असा, देवाच्या दारात काय रडला! मीही मान हलवून म्हणतो, "लेक निघाली आणि काळीज हललं हो."

सुमन चहा देता देता लगेच दुरुस्त करते, "काळीज नाय. तिसरं वळण."