औषधाच्या झाकणांची दहा चाकं

वणीच्या बाहेर, कोळशाचे टिप्पर जिथून खाणीकडे वळतात, त्या रस्त्याला लागून आमचं घर आहे. दोन खोल्या, पुढे ओटा आणि ओट्यापुढे लोखंडी फाटक. दार आम्ही दिवसभर लावूनच ठेवतो. उघडं राहिलं तर तासाभरात पाण्याच्या माठावरसुद्धा काळी धूळ बसते. त्या बंद दाराआड मी आणि माझे सासरे, असे दोघंच दिवसभर असायचो. नवरा सकाळी सातला खाणीवर जायचा तो अंधार पडताना यायचा. सासूबाई माझ्या लग्नाच्या आधीच गेल्या होत्या.

सासऱ्यांना मी मामाजी म्हणते. त्यांनी तीस वर्षं कोळशाचा ट्रक चालवला. मग एका सकाळी दात घासता घासता ते मोरीतच बसले आणि उठलेच नाहीत. लकवा. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणंही गेलं. उरले दोनच शब्द, ‘नाही’ आणि ‘पानी’. शिवी मात्र पूर्वीसारखी स्वच्छ यायची. डॉक्टर म्हणाले, असं होतं, सवयीचं बोलणं डोक्यात दुसरीकडे साठवलेलं असतं. नवरा हसला. मला हसू आलं नाही, कारण ती शिवी दिवसभर ऐकायला मीच घरी होते.

खरं सांगते, त्यांच्यावर माझा जीव नव्हता. मी दिग्रसकडची. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स केलं होतं, वर्गात आम्ही दोघीच मुली. लग्न ठरताना हेच मामाजी माझ्या बाबांना म्हणाले होते, “शिकलेली पोरगी हाय, करू द्या नोकरी.” लग्नानंतर चार महिन्यांनी शिकाऊ उमेदवारीचं पत्र आलं तेव्हा त्यांनी ते वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, “आमच्या घरच्या बाया कामाले जात नाही.” नवरा खाली पाहत जेवत राहिला. पत्र मी चुलीत घातलं नाही, फाडलं नाही, कुठेतरी ठेवलं आणि ते हरवलं.

आणि आता त्याच माणसाला मी भरवत होते, पुसत होते, कुशीवर वळवत होते. किराण्याच्या दुकानात जायचं तरी शेजारच्या काकूंना हाक मारायची आणि पळत जाऊन पळत यायचं. असे चौदा महिने गेले. मधून मधून वाटायचं, लकवा दोघांनाही झालाय, फक्त माझा दिसत नाही.

ट्रकची सुरुवात रागातून झाली. त्यांचा व्यायाम करवून घ्यायला येणाऱ्या ताईंनी डाव्या हाताने तरी काहीतरी करवून घ्या, म्हणून रबरी चेंडू दिला होता. मामाजी तो फेकायचे. दिवसातून दहा वेळा मी तो पलंगाखालून काढायची. एकदा चेंडू माझ्या कपाळावर बसला. मी म्हणाले, “मंग काय पाह्यजे तुमाले? ट्रक पाह्यजे का चालवाले?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ‘नाही’ म्हणाले नाहीत. चौदा महिन्यांत पहिल्यांदा एखाद्या प्रश्नाला ‘नाही’ आलं नव्हतं.

बाजारात मिळणारी रिमोटची गाडी घेऊन यावं असं आधी वाटलं. पण चांगली घ्यायची तर नवऱ्याचा अर्धा पगार, आणि स्वस्तातली घेतली तर ती लाल रंगाची पळती कार. मामाजींनी ती भिंतीवर मारली असती. मग मीच करायचं ठरवलं. साड्यांना फॉल-पिको करून माझ्याकडे थोडे पैसे असायचे, तेवढ्यातच.

बसस्टँडजवळ मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. काकूंना पंधरा मिनिटं बसवून मी तिथे गेले आणि दुकानदाराला विचारलं, खराब झालेला एखादा रिमोट आहे का. इंजिनिअरिंगच्या कुण्या विद्यार्थ्याने थर्माकोलचं विमान केलं होतं, ते पडून मोडलं आणि सामान दुकानातच राहिलं होतं. रिमोट, रिसीव्हर आणि पंख हलवणाऱ्या दोन छोट्या सर्वो मोटरी. दुकानदाराने सांगितलेली किंमत मला परवडणारी नव्हती. मी म्हणाले, “दादा, तुमच्याकडचे बंद चार्जर द्या. मी घरी दुरुस्त करून देतो.” आमच्याकडे बाईही ‘देतो’च म्हणते. तो हसला. म्हणाला, “करून दाखवा आधी.” मी सहा चार्जर नेले आणि पाच चालू करून दिले. सामान माझं झालं. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतले दोन चांगले सेलही त्याने वर दिले. घरी येताना मला धाप लागली होती आणि काकू दारात उभ्या होत्या. “अवो, पंधरा मिनिटं म्हनून गेली, तास झाला!”

मग मामाजींच्या पलंगाजवळ काम सुरू झालं. शाळेतल्या मुलांच्या प्रकल्पाला मिळतात त्या दोन पिवळ्या मोटरी मागवल्या. त्या पुढे-मागे चालवायला वेगळं सर्किट लागतं, ते विकत घ्यायला पैसे नव्हते. म्हणून एका सर्वोचं पोट फाडलं, आतली मोटर काढली आणि तिच्याच सर्किटला या दोन मोटरी जोडल्या. दुसरी सर्वो पुढची चाकं वळवायला ठेवली. कटआऊट करणाऱ्याकडून फोमशीटचा फेकलेला तुकडा आणला. त्यावर कुण्या पुढाऱ्याचा फोटो आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या. रंगाची बाजू आत घेतली, तेव्हा केबिनमध्ये अर्धी मिशी आणि ‘हार्दिक’ एवढं राहिलं.

मामाजींनी पहिली केबिन पाहिली आणि म्हणाले, “नाही.” मी दुसरी केली. “नाही.” तिसऱ्या वेळी मी कात्री आपटली. “काय चुकलं ते तरी सांगा नं!” त्यांनी डाव्या हाताने कॅलेंडरकडे खूण केली. मी गेल्या महिन्याचं पान फाडून दिलं, पेन दिला. वाकड्यातिकड्या रेघा मारत त्यांनी एक चौकोन आणि त्याखाली चाकं काढली, आणि मला समजलं. मी केबिन फार पुढे घेतली होती आणि मागच्या चाकांचे दोन्ही ॲक्सल एकमेकांपासून लांब ठेवले होते. असा ट्रक भरला तर पाठीवरून मोडतो. तीस वर्षं ज्या गाडीत बसले, तिचं माप त्यांच्या डाव्या हातातही होतं.

चाकं दहा लागणार होती. पुढे दोन आणि मागे दुहेरी आठ. त्यांच्या औषधाच्या बाटल्यांची झाकणं एकसारखी होती, पण घरात सातच निघाली. तीन बाटल्या संपायची वाट पाहिली. मी रोज बाटली उजेडात धरून पाहायची आणि मामाजीही पाहायचे. दहा झाकणं झाली तेव्हा सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून त्यांवर चढवल्या. स्प्रिंगांच्या जागी करवतीची तुटकी पाती लावली.

नवऱ्याने एकदा पाहिलं. “हे काय करून राह्यली तू? बाबाले लहान लेकरू समजतं का?”

मी काही बोलायच्या आत पलंगावरून शिवी आली. नवरा मोरीकडे निघून गेला.

मोठी अडचण रिमोटची होती. त्याला दोन दांड्या, दोन हातांनी चालवायच्या. मामाजींना एकच हात. मी रिसीव्हरमधल्या वायरींच्या जागा बदलल्या आणि दोन्ही कामं डाव्या दांडीवर घेतली. पुढे लोटली की ट्रक पुढे, ओढली की मागे, बाजूला नेली की वळण. फक्त एक उणीव राहिली. विमानाच्या रिमोटची डावी दांडी सोडली तरी मधे येत नाही, जिथे ठेवली तिथेच राहते. तिला स्प्रिंग लावायला हवी होती. लावू, लावू म्हणत राहिले.

पहिल्यांदा ट्रक चालला तो स्वयंपाकखोलीपर्यंत. सिलेंडरला अडला. मामाजींनी दांडी ओढली, ट्रक मागे येऊ लागला, आणि त्यांच्या तोंडून आलं, “आने दो... आने दो... आने दो... बस!”

मी गॅसजवळ उभी होते. इतक्या महिन्यांत ते एवढे शब्द एकत्र बोलले नव्हते. क्लीनर मागे उभा राहून ट्रक मागे घेताना ओरडतो, तेच. त्यांनाही कळलं आपण काय बोललो ते. त्यांनी पुन्हा दांडी ओढली. “आने दो...” त्या दिवशी ट्रक फक्त मागेच चालला. संध्याकाळी नवऱ्याने ऐकलं, तेव्हा तो बूट न काढता पलंगाशी बसून राहिला.

त्यानंतर मी दुपारी मामाजींना ओट्यावर खुर्चीत बसवू लागले. धुळीची पर्वा सोडली. ते ट्रक ओट्याच्या उतारावरून अंगणात न्यायचे, फाटकापर्यंत जायचे, वळवून आणायचे. फाटक बंद असायचं. मी बाजूला बसून फॉल लावायची आणि पाहायची, तो छोटा ट्रक फाटकाशी जातो, थांबतो, परत येतो. कधी कधी मला ते पाहवायचं नाही.

एके दिवशी गॅसवाला सिलेंडर देऊन गेला आणि फाटक लावायचं राहिलं. मी मागे कपडे पिळत होते. रस्त्यावर हवेच्या ब्रेकचा मोठा आवाज झाला. धावत आले. मामाजी खुर्चीत होते. रिमोट मांडीवर, दांडी पूर्ण पुढे. फाटक सताड उघडं. बाहेर भरलेला टिप्पर आडवा उभा.

ड्रायव्हर खाली उतरला होता. चाळिशीचा माणूस, तोंड पांढरं पडलेलं. दोन्ही हातांत चुरा झालेला ट्रक. तो मला म्हणाला, “ताई, लेकरू कुठं हाय? लेकराले लागलं का?”

“लेकरू नाही दादा,” मी म्हणाले. “लेकरू नाही आमच्या घरी. हा माह्या सासऱ्याचा ट्रक हाय.”

त्याने मामाजींकडे पाहिलं आणि ओट्याच्या पायरीवर बसला. मी दिलेलं पाणी त्याने एका दमात संपवलं. तुकडे त्याने एकेक करून ओट्यावर मांडले. “चाकाखाली काहीतरी आलं एवढंच दिसलं. मले वाटलं, मागून लेकरू धावून राह्यलं.” मामाजींनी त्याला शिवी दिली, पण आवाज बारीक होता. तो गेला.

मग मी ओरडले. एवढ्या जोरात त्यांच्यावर कधीच ओरडले नव्हते. “मुद्दाम केलं नं तुमी? काहून केलं? दोन महिने बसली मी यापायी!” ते ‘नाही’ म्हणाले. पण ते सगळ्यालाच ‘नाही’ म्हणायचे. हात घसरला असेल, स्प्रिंग मीच लावली नव्हती. किंवा त्यांनीच ट्रकला जाऊ दिलं असेल. आजही मला माहीत नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं ते मी पुसलं नाही. आत जाऊन राहिलेले कपडे पिळले.

पुढच्या रविवारी दुपारी फाटक वाजलं. तोच ड्रायव्हर, बिनगणवेशाचा, धुतलेल्या शर्टात. हातात ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि टायरच्या रबराचे तुकडे. “गॅरेजवर पडून होते,” तो म्हणाला. “याईले दुसरा बनवून द्याल नं?” मग तो मामाजींच्या पलंगाशी बसला आणि त्यांना कोणत्या खाणीवर, कोणत्या गाडीवर होते ते विचारू लागला. मामाजी हातवारे करत होते. तो अंदाजाने बोलत होता आणि चुकला की शिवी खात होता. चहा झाल्यावर तो मला म्हणाला, “ताई, तुमाले बाहेर काही काम असन तं जाऊन या. मी आहो घंटाभर. रविवारी मले सुट्टीच असते.”

नवरा घरीच होता. त्याने मान हलवली. मी चप्पल घातली आणि निघाले.

काम काहीच नव्हतं. बसस्टँडवर गेले. यवतमाळ, पुसद, दिग्रसच्या पाट्या लागलेल्या गाड्या उभ्या होत्या. एका बाकड्यावर बसले. शेजारची बाई म्हणाली, “कुठं जाता?” दिग्रसची गाडी सुटली, मी पाहत राहिले. पाय सारखे घराकडे वळत होते, भात लावायचा आहे, औषधाची वेळ झाली असेल. घड्याळ पाहिलं तर मला निघून वीस मिनिटंच झाली होती.

मी परत आले. दारात पाहून ड्रायव्हर म्हणाला, “एवढ्या लवकर?” मामाजींनी मान वळवली. त्यांचा चेहरा चिडलेला होता. डाव्या हाताने दाराबाहेर रस्त्याकडे दाखवत ते म्हणाले, “नाही.” आणि पुन्हा, जोरात, “नाही!”

मी चप्पल काढली नव्हती. उंबऱ्यातून तशीच वळले आणि पुन्हा रस्त्याला लागले.