युरोपला ठराव पाठवणारे मामा

"सूचक मी, अनुमोदक तुमी. लिहा."

मामा दुकानात आले की आधी काठी दाराला टेकवत, डोक्याचा पटका काढून मांडीवर ठेवत आणि मग हे वाक्य टाकत. गावच्या ग्रामपंचायतीत ते पूर्वी पाच वर्षं सदस्य होते. त्या पाच वर्षांत एक गोष्ट त्यांच्या अंगात मुरली होती. ठराव मांडणारा एक लागतो, तो सूचक. त्याला दुजोरा देणारा दुसरा लागतो, तो अनुमोदक. ही दोन नावं खाली नसतील, तर कागद कितीही सुंदर लिहिलेला असो, तो रद्दीत गेला म्हणून समजा.

माझं दुकान हिंगोलीत, एसटी डेपोच्या समोर. ऑनलाइन अर्ज, झेरॉक्स, टायपिंग. उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, आधारातली चुकलेली जन्मतारीख. तुम्हीही कधीतरी अशा दुकानात सर्व्हर सुरू व्हायची वाट बघत घाम पुसला असेल. माणसं तिथं आपापल्या अडचणी घेऊन येतात. मामा मात्र युरोपच्या अडचणी घेऊन यायचे.

हसू नका. मीही हसलो होतो, आणि ह्या सगळ्याची सुरुवात माझ्याच चेष्टेनं झाली.

हळदीच्या एका व्यापाऱ्यासाठी मी माल परदेशी पाठवायचे नियम शोधत होतो. शोधता शोधता एक पान उघडलं. युरोपच्या सरकारनं लोकांकडून सूचना मागवल्या होत्या. व्यापार कसा असावा, वीज कशी तयार करावी, बाहेरून आलेल्या माणसांना कसं वागवावं, त्यांचे हक्क कोणते. जगातल्या कुणीही लिहावं, असंही खाली होतं. मामा तेव्हा मेंढ्यांच्या विम्याचा अर्ज घेऊन बसले होते. वीज येत-जात होती, मला कंटाळा आला होता. मी म्हणालो, "मामा, युरोपवाले तुमचा सल्ला मागायलेत."

मामांनी पटका काढून मांडीवर ठेवला. कुणी मागितलाय तर द्यावा लागेल, न देणं बरं दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. विम्याचा अर्ज त्या दिवशी राहूनच गेला.

पहिला ठराव हळदीचा. आपल्या भागातली हळद तिकडं तपासणीत नापास होते आणि पोती परत येतात. परत पाठवा, त्याला हरकत नाही. पण कोणत्या फवारणीमुळं नापास झाली, ते त्या गावाला लिहून कळवा. "पोरगं नापास झालं तर कोणत्या विषयात झालं ते मास्तर सांगतो का न्हाई?" हे मी मोबाइलवर इंग्रजी करून त्या पानावर टाकलं. खाली सूचक म्हणून त्यांचं नाव, अनुमोदक म्हणून माझं. तिकडच्या साहेबांना अनुमोदक म्हणजे काय कळलं असेल, देव जाणे.

दुसरा ठराव विजेचा. सौरऊर्जेच्या पाट्या जमिनीला चिकटवून न लावता कमरेइतक्या उंच लावाव्यात, म्हणजे खाली मेंढरं चरतील. पाट्यांखालचं गवत कापायला माणूस नको, यंत्र नको. पुढं मी कुठंतरी वाचलं की तिकडं काही ठिकाणी खरंच असं करतात, आमच्या ठरावाच्या कितीतरी आधीपासून. मामांना सांगितलं तर म्हणाले, "म्हंजी पास झाला." आधीपासून हा शब्द त्यांनी ऐकलाच नाही.

तिसरा मजुरांच्या हक्काचा. कुणाचीही सही किंवा अंगठा घेण्याआधी तो कागद त्याला त्याच्या बोलीत वाचून दाखवावा. हा सांगताना मामा नेहमीसारखे खुलले नाहीत. ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

प्रत्येक ठरावाला तिकडून आपोआप एक ईमेल यायचा, आपली सूचना मिळाली, आभारी आहोत. मामा त्याची प्रिंट मागून घेत आणि घडी करून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवत. शेजारचा चहावाला त्यांना छेडायचा, युरोपचा सरपंच कधी येऊन राहिला म्हणून. मामा शांतपणे सांगायचे की निघालाय, नरसीच्या पुढं रस्ता खराब आहे म्हणून थांबलाय.

त्यांचा एक नियम मात्र पक्का होता. ठरावात कुणाचं नाव घालायचं नाही, स्वतःच्या घरचं काही लिहायचं नाही. घरचं गाऱ्हाणं अर्जात लिहितात, ठराव सगळ्यांचा असतो. ग्रामसभेत कुणी माझ्या घरापुढची नाली म्हणून उठला की मामा त्याला खाली बसवत आणि आपल्या गल्लीतली नाली असं बोलायला लावत. असं त्यांच्या गावच्या एकानं मला सांगितलं.

मुलाचं मला कळलं ते असंच, दुसऱ्याकडून. मामांचा एकुलता मुलगा ग्रीसमध्ये होता. हंगामी परवान्यावर मेंढरं राखायला गेला होता. पिढ्यान्‌पिढ्या तेच केलेलं घर, कामात काही नवीन नव्हतं. परवाना संपला, मालकानं थांब म्हणून सांगितलं, हा थांबला. आता कागद नव्हता. तिथून बाहेर पडला असता तर परत आत घेतलं नसतं, आणि इकडं परत येऊन करायचं काय, असा त्याचा प्रश्न. आईच्या मातीलाही तो येऊ शकला नव्हता.

मी मामांना मुलाचं विचारलं. नांदेडच्या डॉक्टरनं त्यांचं हृदय वाढल्याचं सांगितलं होतं. दुकानाची तीन पायऱ्यांची चढण ते दोनदा थांबून चढायचे. "पोरगं रोज दिसतं मोबाइलात," ते म्हणाले. "एकदा हातानं चाचपून पाहावं वाटतं, भाऊ. बस." मग त्यांनी पटका मांडीवर ठेवला आणि चौथा ठराव सांगायला लागले.

तो ठराव मला आजही तोंडपाठ आहे. आमचे मेंढपाळ पाऊस सरला की चाऱ्यामागं निघतात आणि आठ महिने परमुलखात राहतात. ज्या गावात मेंढरं बसवतात, तिथं ते कुणाचे नसतात. पण मिरगाच्या आधी ते घरी परत येतात, आणि पुढच्या वर्षी तेच गाव त्यांना पुन्हा शेतात बसू देतं. परत जायची वाट कुणी बंद करत नाही. तसं तुमच्या मुलखात जो माणूस मेंढरं राखतो, त्याला वर्षातून एकदा घरी जाऊ द्यावं आणि परत येऊ द्यावं. कागद असो वा नसो.

सांगताना त्यांचा श्वास पुरत नव्हता. मुलाचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही. मामा उतरून गेले आणि मी ते इंग्रजी करत बसलो. मला वाटलं, एवढं खरं दुःख आणि त्याला चेहराच नाही. कोण वाचणार हे? आपण रोज अर्ज भरतो, कुठल्या अर्जाला वजन येतं ते आपल्याला कळतं, हा माज मला होताच. मी खाली तीन ओळी वाढवल्या. माझा मुलगा अमुक, ग्रीसमधल्या अमुक गावाजवळ मेंढरं राखतो, त्याचा परवाना संपलेला आहे, मला हृदयाचा आजार आहे. नाव घातलं, गाव घातलं. बटण दाबलं. चांगलं काम केलं म्हणून वर चहाही मागवला.

त्या पानावरच्या सूचना कुणालाही दिसतात. हे मला माहीत होतं, आणि तरी माझ्या डोक्यात आलं नाही. मूर्ख माणूस आहे मी.

ग्रीसमधलं ते गाव लहानसं होतं. कुणीतरी इंटरनेटवर गावाचं नाव शोधलं, त्याला ते पान दिसलं आणि ते मालकापर्यंत गेलं. मालकाला दंडाची भीती. त्यानं त्याच दिवशी पोराला काढून टाकलं. पोरानं दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून बापाला विचारलं, माझं नाव कुणी लिहिलं?

मामा दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं आले. पटका डोक्यावरच होता. नाव घातलं का, एवढंच त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो, का घातलं तेही सांगायला लागलो. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"ठरावात नाव घालत न्हाईत, भाऊ. म्या सांगितलं व्हतं ना."

मी म्हणालो, मला नंबर द्या, मी त्याला खरं सांगतो, पाया पडतो त्याच्या. मामांनी मान हलवली. त्यांनी मुलाला कधीच सांगून टाकलं होतं की आपणच सांगून लिहून घेतलं.

"काहून?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"परक्यानं केलं म्हणलं तर त्यो कोणावरबी भरोसा ठेवणार न्हाई. तिकडं एकटा हाय. बापावरचा राग कवातरी उतरतो."

मला तेव्हा काय वाटलं ते लिहून टाकतो. मला सुटल्यासारखं वाटलं. लाज नंतर आली.

ती सूचना काढून टाका म्हणून मी पत्रांवर पत्रं लिहिली. पंधरा दिवसांनी ती निघाली. तोवर मुलगा कुठल्या कुठं गेला होता. त्याचा नवा नंबर गावच्या एका मित्राकडून मामांना मिळाला, पण तो उचलायचा नाही. मामा तालुक्याला आले की माझ्याकडं येत, मोबाइल पुढं करत आणि नंबर बराबर आहे का ते बघायला सांगत. मी एकेक आकडा वाचून दाखवायचो. नंबर बराबरच असायचा. मग ते थोडा वेळ बसून पाणी पिऊन जायचे. ठराव त्यांनी पुन्हा सांगितला नाही. मी एकदा म्हणालो, "मामा, युरोपवाले विचारायलेत पुन्हा." ते हसले, माझ्या समाधानासाठी.

असं दोन वर्षं चाललं. ह्या दोन वर्षांत कधीही मी तो नंबर टिपून घेऊन पोराला खरं काय ते सांगू शकलो असतो. मामांनी नको म्हटलंय, ह्या आडोशाला मी बसून राहिलो. गेल्या उन्हाळ्यात मामा सिद्धेश्वरच्या धरणाकाठी मेंढरांना पाणी दाखवायला गेले आणि तिथंच बसल्या जागी गेले. मला चौथ्या दिवशी कळलं.

महिन्याभरानं एक उंच, उन्हानं रापलेला माणूस दुकानात आला. बापाच्या जमिनीवर वारसाची नोंद करायची होती. चेहरा पाहिल्याबरोबर मी ओळखलं. बाप गेल्याचं ऐकून तो तिकडं, घरी पाठवा म्हणून, स्वतः होऊन पोलिसांत गेला होता. त्यांनी परत पाठवून दिला, आता काही वर्षं त्या मुलखात पाय ठेवता येणार नाही. मी कागद तपासत होतो आणि तो बोलत होता. आबा अडाणी होता, म्हणाला. कुणाच्या तरी नादानं माझं नाव लिहून बसला. त्याला काय कळणार.

मी सांगितलं. काही झाकलं नाही. ओळी मी वाढवल्या, त्यांना विचारलंही नाही, आणि त्यांनी दोष स्वतःवर घेतला.

मला वाटलं, आता मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो खुर्चीत बसला. समोर डेपोत गाडी लागत होती, कंडक्टर औंढा, औंढा ओरडत होता.

"मी आबाचा फोन दोन वर्षं उचलला न्हाई, काका," तो म्हणाला.

अर्जात मयताशी नातं हा रकाना रिकामा होता. मी विचारलं नाही. मुलगा असं टाइप केलं, प्रिंट काढली आणि सहीसाठी कागद त्याच्यापुढं सरकवला. पेन हातात घेऊन तो कितीतरी वेळ त्या एका शब्दाकडं बघत बसला.