विहिरी मोजणारी शाळा

विजयमाला लोळगे दिवसातून सात-आठ वेळा मुलं मोजायची. हजेरी झाल्यावर, सुट्टी होताना, सुट्टी संपताना, आणि मधे कधीही. बोट उचलून नाही, नुसत्या नजरेनं. त्रेचाळीस भरले की तिच्या जिवात जीव यायचा, तो पुढच्या मोजणीपर्यंत टिकायचा.

ती मूळची भिंगारची. वडील लष्कराच्या डेपोत शिंपी होते. ते गेले, मग तिचं सासरही सुटलं. नवऱ्यानं दुसरी आणली आणि हिला माहेरी पोचवलं. पदरात आई आणि हातात प्राथमिक शिक्षिकेची नोकरी, एवढंच उरलं. सत्तर सालच्या जूनमध्ये तिची नेमणूक पाथर्डी तालुक्यातल्या धामणदऱ्याला झाली; आई भिंगारलाच राहिली. एक खोली, एक बाई आणि पहिली ते चौथीचे चार वर्ग. नोकरी गेली तर काय, हा प्रश्न तिच्या मनातून कधी जात नसे. म्हणून पहिलं वर्ष तिनं सगळं नियमाप्रमाणं केलं. चार वर्गांच्या चार रांगा, एका रांगेला शिकवताना बाकीच्या तीन गप्प.

दसरा झाला आणि निम्मी शाळा रिकामी झाली. गावातली माणसं बैलगाड्या जुंपून ऊसतोडीला श्रीरामपूरकडं गेली, पोरं त्यांच्याबरोबर. चैत्रात परत आली तेव्हा ती अक्षरंसुद्धा विसरली होती. वर्षानुवर्षं ती त्याच वर्गात बसत आणि एक दिवस यायचीच बंद होत.

त्यातलीच एक भीमा. वय तेरा, वर्ग दुसरी. पुढच्या जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा ती दारातच उभी राहिली.

"आत ये ना गं," विजयमाला म्हणाली.

"मला दुसरीत न्हाई बसायचं, बाई. त्या पोरी माझ्या कमरंएवढ्या हायेत."

"तिसरीचं येतं तुला?"

"न्हाई. पन मला लई येतं. गाडीत किती मोळ्या बसत्यात ते येतं. बैलाचं वय दात बघून सांगते. उसाच्या पाचटानं कोपी शाकारते. ते कंच्या यत्तेत हाय?"

विजयमालानं मुलीला आपल्या खुर्चीशेजारी बसवलं आणि दिवसभर त्या प्रश्नाचाच विचार करत राहिली.

आठवड्यानं तिनं रांगांच्या बसकरपट्ट्या गुंडाळून कोपऱ्यात ठेवल्या. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर शब्द, गणितं, छोट्या गोष्टी लिहून चिठ्ठ्या केल्या आणि चार डब्यांत भरल्या. पहिल्या डब्यात सोपं, चौथ्यात अवघड. मुलांना सांगितलं, "ज्याला जे जमेल ते घ्या. झालं की दुसरं घ्या. अडलं तर कुणालाही विचारा. कुठंही बसा."

पहिले पंधरा दिवस वाईट गेले. मुलं भिंतीला टेकून उभी राहत, बाई काय सांगते त्याची वाट बघत. दोघं जण झोपून जात. एक मुलगी, आज काय लिहायचं ते कुणी सांगितलं नाही म्हणून रडली. मारामाऱ्या झाल्या. आपण काय करून बसलो, या विचारानं विजयमालाला जेवण जाईना. पण तिसऱ्या आठवड्यात सात वर्षांची छबू भीमाच्या मांडीला टेकून तिला अक्षरं दाखवताना दिसली, आणि भीमा छबूला मोळ्यांचे पाढे शिकवत होती. पाच मोळ्या, दहा मोळ्या, पंधरा मोळ्या. श्रावण लागेपर्यंत भीमा तिसऱ्या डब्यापर्यंत पोचली.

विहिरींचं प्रकरण छबूनंच काढलं. तिनं एकदा विचारलं, "गावात सगळ्यात खोल इहीर कुनाची?" चार मुलांनी चार नावं घेतली आणि भांडण लागलं. विजयमाला म्हणाली, "मग मोजा की."

म्हटलं खरं, पण गावातल्या बहुतेक विहिरींना कठडा नव्हता. तिनं नियम घातले. मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय जायचं नाही. काठावर पालथं पडायचं, मागच्यानं पाय धरायचे. पहिल्या काही विहिरींवर ती स्वतः गेली. दोराला दगड बांधून मुलं खाली सोडत, आणि तळाला टेकला की काठापासून खाली गेलेल्या दोराचे परस मोजत. दोन्ही हात फाकवून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत होतो तो एक परस. कुणाचा परस मोठा, कुणाचा छोटा. म्हणून मग शिंप्याची टेप आली, फूट आले, गुणाकार आला. भिंतीवर गावाचा नकाशा चढला आणि त्यावर विहिरींचे गोल. दहा विहिरी झाल्या. एकच राहिली, आप्पासाहेबांची.

आप्पासाहेब शाळा समितीवर होते. एका सकाळी ते काठी टेकत आले.

"बाई, ही शाळा हाय का जत्रा?"

"मुलं शिकतायत, आप्पासाहेब."

"शिकत्यात? माझा नातू गोरक्ष चौथीत हाय. परवा मला इचारतो, आज्या, आपली इहीर किती परस? मी म्हनलं पंधरा. तर म्हनतो, मोजली व्हय? आज्याला असं इचारायला शिकिवता तुमी?"

"त्यानं उद्धटपणानं नसेल विचारलं."

"माझ्या इहिरीपाशी एकबी पोरगं दिसता कामा न्हाई. अन् हे नकाशे-बिकाशे बास करा. मी तालुक्याला अर्ज धाडलाय."

आठ दिवसांत पत्र आलं. शनिवारी शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला येणार होते. गावात त्यांना अजून दिपोटीच म्हणत. विजयमालानं पत्र तीनदा वाचलं. मग कोपऱ्यातल्या बसकरपट्ट्या उचलून झटकल्या आणि पुन्हा चार रांगा अंथरल्या.

"शनिवारपुरतं आपापल्या रांगेत बसायचं," तिनं मुलांना सांगितलं.

मुलं सरकली. भीमा मधेच उभी राहिली. "मंग मी कंच्या रांगंत बसू, बाई?"

विजयमालानं वाकून पट्ट्या परत गुंडाळल्या. "बसतेस तिथंच बस," ती म्हणाली.

साहेब शनिवारी आलेच नाहीत, गुरुवारीच आले. दुपारची सुट्टी नुकतीच संपली होती. फटफटी दारात थांबली. विजयमालानं त्यांना पाणी दिलं, हजेरीपट पुढं ठेवला आणि सवयीनं मुलांवर नजर फिरवली. चाळीस. परत मोजली. चाळीसच. भीमा नव्हती, छबू नव्हती, गोरक्ष नव्हता. आणि खुंटीवरचा दोर नव्हता.

"बसवा मुलांना," साहेब म्हणाले.

"साहेब, तीन मुलं नाहीयेत."

"घरी गेली असतील."

"दोरही नाहीये," ती म्हणाली. साहेबांना काही कळेना. समजावून सांगायला ती थांबली नाही, पदर खोचून पळत सुटली.

आप्पासाहेबांची विहीर ओढ्यापलीकडं होती. ओढ्यात तिची चप्पल तुटली, तिथंच टाकली. पायात काटे मोडले. छबू पोहत नाही. गोरक्ष पोहतो का? कुणाला विचारलंच नाही आपण. त्याच्या आजोबांनी अर्ज केलाय आणि त्यांचाच नातू. असे तुटक तुटक विचार डोक्यात आदळत होते. बांध चढून वर आली तर विहिरीच्या काठावरून दोर खाली गेलेला दिसला. ताणलेला. मधे झुडपं आड आल्यानं मूल एकही दिसेना.

दोन पावलं पुढं गेल्यावर तिला ते दिसलं. काठावर साठीच्या बनुबाई पालथ्या पडल्या होत्या. आप्पासाहेबांच्या बायको. हातात दोर, आणि पोटऱ्यांवर भीमा घट्ट बसलेली. गोरक्ष आणि छबू लांब बोरीखाली पाटी घेऊन.

"हळू, बाई," बनुबाई मान न वळवता म्हणाल्या. "आत्ता टेकलाय दगूड. चाळीस वर्सं पानी शेंदतीया हितनं. किती खोल हाय, कुनी सांगितलंच न्हवतं."

विजयमाला तिथंच मातीत बसली. भीमा उठून जवळ आली, तेव्हा तिनं मुलीच्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा मुलावर हात उचलला होता.

भीमा रडली नाही. गालावर हात ठेवून म्हणाली, "मोठं मानूस हुतं की, बाई. तुमीच म्हनला हुता. आजी यीस्तवर मी ह्या दोघांना फुडं जाऊ दिलं न्हाई."

ते खरंच होतं. विजयमालानं तिचा हात धरला.

शाळेत परतली तेव्हा साहेब दारात उभे होते आणि कुणाकडून तरी कळून आप्पासाहेबही येऊन थांबले होते. नातवाला बघून त्यांनी त्याला खसकन ओढून जवळ घेतलं.

"अकरा परस हाय," मागून आलेल्या बनुबाई म्हणाल्या. "पंधरा न्हाई."

"गप ऱ्हा," आप्पासाहेब म्हणाले. अर्ज मात्र त्यांनी मागं घेतला नाही.

साहेबांनी तासभर मुलांना तपासलं. वाचायला लावलं, गणितं घातली. भीमानं चौथ्या डब्यातली गोष्ट अडखळत का होईना, पूर्ण वाचली. नंतर त्यांनी शेराबुकात लिहिलं. मुलांचं वाचन चांगलं. वर्गरचना नियमाला सोडून. शाळेच्या वेळेत मुलं विहिरीवर आढळली, ही गंभीर बाब.

फटफटीला किक मारण्याआधी ते थांबले. आवाजात राग नव्हता. "बाई, एखादं पोर पडलं असतं तर?"

"त्याचं उत्तर माझ्याकडं नाही, साहेब," ती म्हणाली.

महिन्याभरात खुलासा मागवणारं पत्र आलं. तिनं उत्तर चार वेळा लिहून फाडलं, पाचव्या वेळी पाठवलं. मुलांना बाहेर नेणं बंद झालं. डब्यांविषयी पत्रात काही नव्हतं, म्हणून डबे राहिले. पुढं तिच्या सेवापुस्तकात ताकिदीची नोंद झाली, तेवढ्यावर भागलं. पण हे कळायला फाल्गुन उजाडला. तोवर पोस्टमन दिसला की ती हातातलं काम टाकून दारात जाऊन उभी राही.

त्याआधी, दसरा झाल्यावर, गाड्या जुंपायच्या आदल्या सकाळी भीमाची आई झुंबरबाई लेकीला घेऊन आली.

"ही येत न्हाई म्हनती, बाई. हिला तुमी ठिवून घेता का?"

विजयमाला दचकली. एकटी बाई, टाकलेली. एका खोलीत राहणारी. त्यात परक्याची तेरा वर्षांची पोर. ताप आला, साप चावला, गावानं जीभ उचलली, तर कुणाच्या तोंडाकडं बघायचं?

"भीमा, तुला काय करायचंय?" तिनं विचारलं.

"मला चौथी करायचीय," भीमा म्हणाली आणि लगेच तिचा चेहरा उतरला. "पन आय एकटी मोळ्या कशी बांधंल?"

"बांधीन मी," झुंबरबाई म्हणाली, आणि मागं न बघता निघून गेली.

पौषापर्यंत भीमा राहिली, वाचत राहिली, पण खाईना. विचारलं की म्हणायची, "काय न्हाई." शेवटी एका रविवारी विजयमालानं तिला एस.टी.त घातलं आणि दोन गाड्या बदलून श्रीरामपूरजवळच्या ऊसतोडीच्या तळावर नेलं. झुंबरबाईच्या हाताला कोयत्याची जखम झाली होती. चिंधी बांधून ती मोळ्या वाहत होती. भीमानं ते पाहिलं, पिशवी खाली ठेवली आणि उसाच्या फडात शिरली. दुपार टळेपर्यंत ती बाहेर आली नाही.

परतीची गाडी साडेचारची होती. विजयमाला सडकेवर जाऊन उभी राहिली. मुलीला हाक मारायची नाही, हे तिनं ठरवलं होतं. हाक मारली तर ती आली असती, आणि मग ते येणं तिचं राहिलं नसतं. पण उभं राहवत नव्हतं. ती सडकेच्या या कडेनं त्या कडेला जात होती. गाडीची धूळ लांबून दिसायला लागली. फडाकडं कुणी नव्हतं. कंडक्टरनं दार उघडलं.

"येताय का, बाई?"

"एक मिनिट," ती म्हणाली.

"कुणाची वाट बघताय?"

तेवढ्यात पाचटातून भीमा पळत येताना दिसली. हातापायांवर ओरखडे, श्वास लागलेला. ती आली आणि गाडीत चढली. नगर येईपर्यंत खिडकीकडं तोंड करून रडत होती. विजयमालानं तिला गप्प केलं नाही.

एप्रिलमध्ये विजयमालानं भीमाला थेट चौथीच्या परीक्षेला बसवलं आणि ती पास झाली. पाचवीची शाळा चार मैलांवर होती आणि वाटेत दोन ओढे होते. निकाल हातात घेऊन भीमा म्हणाली, "जाईन की चालत." विजयमाला त्या वाटेचाच विचार करत होती.